पॅकिंग बदला, सिलिकॉन फासू नका!

मंडळी, परळीत औष्णिक केंद्राच्या राखेचा एकच फायदा : टॅपेट कव्हरमधून ऑइल गळलं की तिथे राखेचा चिखल बसतो आणि गळती लगेच दिसते. पण मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं, "मालक, बॉन्ड मारून देतो!"

परवा माझ्याही गाडीला कडक झालेल्या जुन्या पॅकिंगवरच सिलिकॉनचा लेप. तो आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनच जाईल, त्याचं काय? बोल्ट जोरात पिळले तर कव्हर वाकतं, गळती वाढते. ब्रीदर तुंबलेला असेल तर नवं पॅकिंगही ऑइल सोडतं.

म्हणून ब्रीदर बघा, दोन्ही कडा पुसा, नवं रबर बसवा. सिलिकॉन फक्त सांध्याच्या कोपऱ्यांवर. बोल्ट मधून बाहेर, मापात आवळा.

काका, पॅकिंगचे पैसे वाचवून इंजिन घालवणं ही काटकसर नव्हे!