पडदा काचेच्या बाहेर हवा
उंबऱ्याआत / उंबरठेकर, नाशिक रोड

बिटको चौकाजवळच्या एका दुकानात परवा पडदे बघायला गेलो. दुकानदारानं पहिला प्रश्न केला, "काका, सोफा कोणत्या रंगाचा?" दुसरा, "भिंत?" तिसरा, "कड्यांचे हवेत की चुण्यांचे?" खिडकी कुठल्या दिशेला आहे हे तो कधी विचारतो याची मी वाट बघत बसलो. शेवटी मीच सांगितलं, "पश्चिमेची आहे. चार बाय चार. दिवस मावळेपर्यंत ऊन." त्यानं गठ्ठ्यातून मरून रंगाचं जाडजूड कापड ओढलं. "मग ब्लॅकआऊट घ्या. ठार काळोख होतो."

काळोख कुणाला हवा होता? मला उकाडा नको होता.

त्याला तरी काय बोलणार? सहा वर्षांपूर्वी अगदी असलाच पडदा मी हौसेनं घेतला होता. पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी पाच वाजता त्याच्या वरच्या कडेशी हात धरून बघितला. नळी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून तव्यावर हात धरल्यासारखी धग येत होती. ऊन पडद्यानं अडवलं होतं हे खरं, पण अडवलं कुठे, तर खोलीच्या आत. काचेतून उजेड सहज आत येतो. त्यानं तापलेल्या वस्तूची उष्णता मात्र काच तशी सहज बाहेर सोडत नाही. गडद पडदा ते ऊन पितो, तापतो आणि मागची हवा तापवतो. ती हवा वर चढून खोलीत उतरते. बंब घरात ठेवून त्यावर पांघरूण घातल्यातला प्रकार.

थोडा हिशेब करू, ढोबळच. चार बाय चारची खिडकी म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. मे महिन्यात चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. काचेवर ९०० वॅट, आणि साध्या काचेतून आत सुमारे ७००. इस्त्री चालू करून दिवाणखान्यात तीन तास विसरून जावी, तसं. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा या एका खिडकीशी भांडण्यात जातो. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे गेलं की दर कसा चढतो ते सांगायला नको. आणि ही वीज येते कुठून? गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि ते कोळशावर चालतात.

"पण छज्जा आहे ना," असं शेजारी म्हणतात. छज्जा दक्षिणेला शहाणा आहे, पश्चिमेला बिनकामाचा. नाशिक रोड विसाव्या अक्षांशाला जवळजवळ टेकलेलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन शिरतच नाही. पश्चिमेला ते तिरपं येतं. दीड फुटाचा छज्जा दुपारी चारला खिडकीचा वरचा सव्वा फूट झाकतो आणि साडेपाचला जेमतेम अर्धा फूट. उरलेली साडेतीन फूट खिडकी उघडीच. डिसेंबरात उलटं होतं. दुपारचा सूर्य सत्तेचाळीस अंशांवरच राहतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत लांबवर ऊन देतो. ते फुकटचं ऊन आपण सोफ्याचा रंग उडेल म्हणून पडद्याआड घालवतो, आणि निफाडचा पारा पाचाच्या खाली गेल्याची बातमी वाचत स्वेटर चढवतो.

माझी आत्या नाशिक रोडलाच क्वार्टरमध्ये राहायची. तिच्याकडे सोफा नव्हता, म्हणून रंगाचा प्रश्न नव्हता. होळी झाली की पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून गोणपाट चढायचं. वरच्या दोन खिळ्यांना सुतळी, खाली काठी अडकवलेली, म्हणजे वाऱ्यानं फडफडू नये. दुपारी दोनला ती त्यावर तांब्याभर पाणी मारायची. "बाळा, ऊन दारातच थांबवायचं, आत बोलवून मग काय करशील?" असं म्हणायची. पैसेवाल्यांकडे हेच काम वाळ्याचे पडदे करत, वर सुगंधही देत. आपल्याकडे मार्च-एप्रिलची हवा कोरडी, म्हणून ओलं कापड गारवा देतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच पडदा नुसता कुबट वास मारतो. शिवाय एप्रिलमध्ये नळाला पाणी किती वेळ येतं, हेही बघायला हवं. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांनी पाण्यावाचून भागवलं. त्यांच्या खोल व्हरांड्यांत ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २०१८ साली नव्या निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिनं दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे. हा आकडा सगळ्या बाह्य भिंतींची सरासरी काढून येतो, एका खिडकीचा नव्हे. तरी त्याच्या सूत्रात काय धरलंय ते बघण्यासारखं आहे. छज्जा आणि खिडकीच्या बाजूची पाखं धरली आहेत. आतल्या पडद्याला तिथे जागा नाही.

मग मी काय केलं? सिन्नर फाट्याच्या बाजूला शेतीसामानाचं दुकान गाठलं आणि रोपवाटिकेवर घालतात ती शेडनेट घेतली, ७५ टक्के सावलीची. द्राक्षाच्या मुलखात राहून एवढं तरी शिकायला हवं. चारही कडा दुमडून शिवून घेतल्या, वर आणि खाली आडवी नळी घातली आणि ग्रिलच्या बाहेरून बांधून टाकली. ऊन बरंचसं गाळलं जातं, वारा येतो, बाहेरचं झाड अंधुक दिसतं. पाच वाजता काचेला हात लावला तर चटका नाही. गडद पडद्याला जेवढे मोजले होते त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं.

चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "साहेब, इमारत बांधकामाधीन वाटते हो." एलिव्हेशन बिघडतं, हा त्यांचा मुद्दा. त्याच एलिव्हेशनवर एसीचे अकरा बाहेरचे डबे लोंबतायत, त्यातले दोन खालच्या माणसाच्या डोक्यावर पाणी टाकतात. ते बिघडवत नाहीत, हिरवी जाळी बिघडवते. तरी त्यांचं अर्ध म्हणणं मला पटलं. प्रत्येकानं आपापल्या मनाची जाळी बांधली तर इमारतीची खरंच रोपवाटिका होईल. जाळी मी उतरवली आणि बांबूची चिक टांगली, गुंडाळता येणारी. तीही बाहेरूनच.

ज्यांना बाहेरून काहीच लावता येत नाही, त्यांनी निदान आतला पडदा नीट करावा. काचेकडच्या बाजूला पांढरं अस्तर हवं, म्हणजे थोडं ऊन आल्या काचेतून परत जातं. खोलीकडून सोफ्याला मिळेल तो रंग ठेवा, माझी हरकत नाही. पडदा खिडकीपेक्षा दोन्हीकडे वीतभर रुंद आणि खालच्या कट्ट्याला टेकलेला असावा. आणि वर पेल्मेट. जुनाट दिसतं म्हणून आपण घरोघरी ते काढून टाकलं, पण पडद्यामागची तापलेली हवा वरून खोलीत येऊ नये, हेच त्या लाकडी खोक्याचं काम होतं. जानेवारीत काचेजवळ गार झालेली हवा खाली सरकते आणि वरून नवी हवा ओढते, तेव्हाही ते उपयोगी. काचेवरच्या काळ्या फिल्मबद्दल माझं मत वाईट आहे. ती उन्हाळ्यात ऊन अडवते आणि हिवाळ्यातही सोडत नाही. पडदा निदान सरकवता तरी येतो.

आणि सरकवायला हवाच. नाशिकची रात्र अजून बरी आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे पांघरूण ओढावं लागतं. सकाळी नवाच्या आत खिडक्या आणि पडदे बंद करायचे, अंधार पडून बाहेरची हवा निवली की सताड उघडायचे, डासांची जाळी तेवढी लावलेली असावी. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. दिवसभर "हवा येऊ दे" म्हणून उघडं आणि रात्री एसी लावून बंद.

दुकानदाराला मी पडद्याचे पैसे दिले नाहीत, पांढऱ्या अस्तराचे दिले. तो नाराज दिसला.

आता राहिला सोसायटीचा प्रश्न. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिकेत एक ओळ घालायला सांगा : पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून एकाच रंगाच्या चिका लावण्यास परवानगी. रंगावरून भांडण होईल, होऊ द्या. अर्ज मात्र लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.