फिक्सी घ्यायचीच असेल तर

फिक्सी देखणी असते, हे आधी मान्य करून टाकू. गिअर नाहीत, वायरींचा गुंता नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही. ताणून बसवलेली चेन आणि दोन बारीक चाकं, बस्स. कॅफेबाहेर भिंतीला टेकवलेली अशी सायकल दिसली की माझीही मान वळते. त्यामुळे ‘रोज ऑफिसला जायला फिक्सी घेऊ का?’ असं कोणी विचारलं की उत्तर देताना जीभ थोडी अडखळते. पण पुण्यात राहणाऱ्याने विचारलं, तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. ते का, आणि कोणी ते खुशाल धुडकावून लावावं, हे आजच्या सदरात.

ज्यांनी ती चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि ती ओळखीची टिकटिक ऐकू येते. फिक्सीत फ्रीव्हीलच नाही. मागचं छोटं दातेरी चाक, म्हणजे कॉग, थेट चाकाच्या मधोमधच्या हबवर आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पायही. उतारावर फिरणार, गतिरोधकावर फिरणार, समोर कुत्रं आडवं आलं तरी फिरणार. उलटं पायडल मारलं तर सायकल चक्क मागे जाते.

मुळात हे वेलोड्रोमवरचं, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवरचं यंत्र. आपल्याकडे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वेलोड्रोम आहे. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, मध्येच कोणी सवारी उतरवायला थांबत नाही, म्हणून ट्रॅकच्या सायकलींना ब्रेकच नसतात. घोळक्यात पुढच्याने अचानक ब्रेक मारला, तर मागचे सगळे त्याच्या अंगावर येतील. रस्त्यावरच्या शर्यतींतही डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलीचा गिअर बदलणारी यंत्रणा, यायला बराच काळ गेला. १९०३ साली सुरू झालेल्या टूर द फ्रान्समध्ये त्याला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर डोंगर आला की स्पर्धक खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि उलटवून दुसऱ्या बाजूचं दातेरी चाक चेनला लावायचे. पुढे न्यूयॉर्कच्या कुरिअरवाल्यांनी ट्रॅकची सायकल शहरात आणली. त्यांच्यातलाच नेल्सन व्हेल्स १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या स्प्रिंटमध्ये रौप्यपदक घेऊन गेला. पोरांना फिक्सीचं आकर्षण वाटतं ते या कुरिअरवाल्यांमुळे, वेलोड्रोममुळे नाही.

आता मुद्द्याचं. फिक्सीचे गोडवे नीट ऐकले, तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच पुडीत बांधलेल्या सापडतात. एक म्हणजे गिअर एकच आणि दुसरी म्हणजे चाक जखडलेलं. सायकल हलकी होते, बिघडायला फारसं काही उरत नाही, चेन सरळ रेषेत चालते म्हणून कमी झिजते, पार्किंगमध्ये शेजारची गाडी अंगावर कलंडली तरी डिरेलर वाकायची भीती नाही. सगळं खरं आहे. पण हे सारं पुण्य एकाच गिअरचं आहे, जखडलेल्या चाकाचा त्यात काडीचाही वाटा नाही. फ्रीव्हील असलेली एक गिअरची सायकलही हे सगळं देते. काळ्या डबलबार सायकलींनी दूधवाल्यांना, पोस्टमनना आणि कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्यांना आयुष्यभर हेच दिलं, तेही मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि स्टँडसकट. तिला कोणी ‘मिनिमल’ म्हटलं नाही, एवढाच काय तो फरक.

मग जखडलेलं चाक स्वतःचं असं काय देतं? मजा देतं, आणि ती मजा मी हलक्यात घेत नाही. वेग पायांनीच वाढवायचा आणि पायांनीच कमी करायचा. मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गर्दीत, ब्रेकला बोट न लावता पुढच्या रिक्षाशी हातभर अंतर राखता येतं. ओल्या रस्त्यावर मागचं टायर सुटायला लागलं तर ते तळपायाला आधी कळतं. शेल्डन ब्राउन हे अमेरिकेतले मेकॅनिक आणि लेखक २००८ साली गेले, पण सायकल उघडून बसलेला माणूस आजही त्यांचं लिखाण शोधतो. ते फिक्सीचे मोठे चाहते होते. मात्र रस्त्यावर पुढच्या ब्रेकशिवाय ती चालवू नये, हेही तेच सांगायचे. त्यांचं पहिलं वाक्य पाठ असलेले अनेक भेटतात, दुसरं मात्र सोयीस्करपणे विसरतात.

माझी भाची कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत राहते आणि कामाला शिवाजीनगरला जाते. तिने सायकल पसंत करून ठेवली होती, मला फक्त होकारासाठी फोन. ‘मामा, घेऊ ना?’ मी म्हटलं, आधी आहे त्याच सायकलवर आठवडाभर जा-ये कर आणि एकच नियम पाळ. सायकल हलत असेल तोवर पाय थांबवायचे नाहीत. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. ‘अरे मामा, निम्मा रस्ता मी पाय थांबवूनच जाते, हे मला माहीतच नव्हतं!’ कोथरूडहून डेक्कनकडे कर्वे रस्ता हळूहळू उतरत जातो. आपण तो सपाट समजतो, कारण सकाळी तो फुकटात नेतो आणि संध्याकाळच्या दमणुकीचा दोष आपण ऑफिसला देतो. ही परीक्षा फुकट आहे आणि दुकानात मारलेल्या चकरेपेक्षा कितीतरी खरी. फिक्सीच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने ती द्यावी.

उताराचा हिशोब कागदावरही करता येतो. पुढे ४४ दात, मागे १६, आणि चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेसहा मीटर जाते. ताशी २० किलोमीटरला मिनिटाला सत्तावन्न-अठ्ठावन्न फेरे पडतात, म्हणजे आरामात. ताशी ३०ला ८६, अंगात रग असेल तर तेही जमेल. पण चांदणी चौकातून खाली येताना सायकल आपोआप चाळिशी गाठते, तिथे पायांना मिनिटाला ११५ फेरे मारावे लागतात, तेही तुमची इच्छा असो वा नसो. पाय मागे पडले तर पायडल थांबत नाही, ते पायाला फेकून देतं. मागचा कॉग लहान घेतला तर उतारावरचे फेरे कमी होतील, पण संध्याकाळी तोच चढ घामाच्या धारा काढेल. गिअर एकच असल्यामुळे दोन्हीकडून सूट मिळत नाही.

छोट्या अडचणी मोठ्या वाटत नाहीत, पण रोजच्या रस्त्यावर त्याच छळतात. खड्डा आला की आपण काय करतो? दोन्ही पायडल आडवी एका रेषेत आणतो, सीटवरून किंचित उठतो आणि खड्डा गुडघ्यांवर झेलतो. फिक्सीत पाय एका जागी ठेवताच येत नाहीत. वळणावर सायकल कलली की आतलं पायडल रस्त्याला घासू शकतं. सिग्नलला निघताना पायडल वर हवं असतं. साध्या सायकलीत पाय उलटा फिरवून ते वर आणता येतं, इथे मागचं चाक उचलून फिरवावं लागतं, पाठीवर लॅपटॉपची बॅग असताना. आणि ओढणी. ओढणी किंवा पँटचा पायचा चेनमध्ये गेला तर साध्या सायकलीत पाय थांबवले की चेन थांबते. फिक्सीत सायकल थांबेपर्यंत चेन कापड ओढत राहते, आणि चेनकव्हर नावाची वस्तू तिच्यावर बहुतेक वेळा नसतेच.

ब्रेकबद्दल मात्र मी हट्टी आहे. ‘फिक्सीला ब्रेक लागत नाही, पायांनी थांबते’ असं सांगणारे वीर आपल्याकडेही तयार झाले आहेत. ब्रेक लागला की वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होतं, मग ते जखडलं तरी रस्त्यावर घासत राहतं. नुसत्या मागच्या चाकाने थांबायला पुढचा ब्रेक वापरून थांबण्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. शिवाय सारखं घसरवत थांबवलं तर टायरही मोजक्याच जागी झिजतं. पुढे ४८ आणि मागे १६ दात असतील, तर प्रत्येक पूर्ण फेऱ्याला चाक बरोबर तीनदा फिरतं, म्हणजे एकच पाय पुढे ठेवून थांबणाऱ्याच्या टायरचा तोच तो भाग दर वेळी रस्त्यावर येतो आणि बघता बघता तिथे भोक पडतं. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. रस्त्यावर पुढचा ब्रेक असलाच पाहिजे हा नियम तिथे आधीपासून होता. सायकलस्वाराला १८६१च्या एका जुन्या कायद्याखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रेक नसण्यात धाडस आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी पायी चालणाऱ्याच्या जागी उभं राहून बघावं.

एका स्वस्त उद्योगापासूनही सावध राहा. फ्रीव्हील वेल्डिंगने जाम करून ‘दोनशे रुपयांत फिक्सी’ करून देणारे असतात. खऱ्या फिक्स्ड हबवर कॉगच्या बाहेर लॉकरिंग असते आणि तिचे आटे उलटे असतात. त्यामुळे पायाने उलटा जोर लावला की लॉकरिंग आणखी आवळली जाते आणि कॉग जागचा हलत नाही. साध्या हबला ती सोयच नाही. तिथे उलटा जोर लावला की वेल्ड केलेलं फ्रीव्हील आट्यांवरून सुटायला लागतं, आणि तुम्ही उलटा जोर लावता तो नेमका थांबायची घाई असते तेव्हा.

एवढं ऐकूनही ज्याचं मन हटत नाही, त्याने घ्यावी. नागपूरसारख्या सपाट शहरात राहणाऱ्याने, किंवा घरात रोजच्या धबडग्याला दुसरी सायकल असलेल्याने तर माझं ‘नको’ मनावर घेऊच नये. फक्त फ्लिप-फ्लॉप हब मागा. एका बाजूला फिक्स्ड कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, चाक उलटवलं की सायकल बदलते. ब्रेक दोन्ही हवेत, कारण फ्रीव्हीलच्या बाजूने चालवताना पायांचा ब्रेक उरत नाही. मडगार्ड बसायला जागा आहे का ते वाकून बघा, अनेक फिक्सींना ती नसते आणि जुलैमध्ये शर्टाच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ घेऊन मीटिंगला बसावं लागतं. जाड चेन असेल तर ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, कारण काळ्या सायकलीला त्याच मापाची लागते. कॉग मात्र मागवावाच लागेल. चाक नटांनी आवळलेलं असतं, म्हणून पंधरा नंबरचा पाना पिशवीत ठेवा. पंक्चरवाल्याकडे तो असतो, पण पंक्चर त्याच्या दुकानासमोर होतंच असं नाही.

आमच्या भाचीने फ्लिप-फ्लॉपच घेतली. सध्या फ्रीव्हीलच्या बाजूने चालवते आहे. पावसाळा संपल्यावर चाक उलटवून बघीन, म्हणते. तोवर चेनकव्हर बसवून घे, असं मी तिला सांगितलंय. त्याने सायकलची शोभा जाते, हे तिचं म्हणणं.