तारतम्य कीं मर्जी ?

पोलिसाला तारतम्य नसावें असें आम्ही म्हणत नाहीं. जत्रेंत दोन पोरें एकमेकांच्या उरावर बसलीं, तर त्यांस दम देऊन घरीं लावून देणारा शिपाई दोन्ही घरांवर उपकारच करतो. सगळे प्रसंग कायद्यांत लिहितां येत नाहींत. कांहीं निवड अंमलदाराच्या बुद्धीवर सोडावीच लागते. पण हेंच तारतम्य बागाइतदाराच्या मुलाला खुर्ची देतें आणि सुताराला भुईवर बसवितें, तेव्हां त्याचें नांव मर्जी होतें.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. एका विहिरीवरची मोटर चोरीस गेली. आदले दिवशीं त्या वस्तीवर दार बसवावयास गेलेल्या सुतारास ठाण्यांत बोलाविलें. सकाळीं न्याहारीच्या वेळीं गेलेला मनुष्य रात्रीं जेवणें झाल्यावर सुटला. विचारलें तर, "अटक कोठें केली आहे ? नुसता बसविला आहे." त्याचें येणें कोठें लिहिलें नाहीं, जाणेंही लिहिलें नाहीं. आम्ही त्याच्याबरोबर गेलों होतों. वर्गांत मुलांना नागरिकांचे हक्क शिकविणारे आम्ही दारांत हात जोडून उभे राहिलों, "कोणत्या कागदावरून बसविलें?" एवढा प्रश्न तोंडांतून निघाला नाहीं. मोटर पुढें भलतीकडेच सांपडली. सुताराला मात्र तीन महिने कोणी कामास बोलाविलें नाहीं.

बंधूहो, कायदा इतका मोकळा नाहीं. अटकेचें कारण सांगावें, वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें उभें करावें, असें राज्यघटनेचें २२ वें कलम सांगतें. अटकेचा अधिकार असणें वेगळें आणि अटक जरूर असणें वेगळें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं जोगिंदर कुमार खटल्यांत स्पष्ट केलें. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक कां जरूर, हें अंमलदारानें लिहून ठेवावें, नाहीं तर त्याच्यावरच कारवाई व्हावी, असें २०१४ सालीं अर्नेश कुमार खटल्यांत बजावलें. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे तीही यांत आली. १ जुलै २०२४ पासून चालू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमांत हेंच आहे : अटक जरूर नसेल तर हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी. अटक केलीच तर तिचा कागद व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गांवांतल्या प्रतिष्ठिताची साक्ष असावी, आणि नातलगास खबर द्यावी. संशयावरून बोलाविलेल्या माणसास एक तर नोटीस आहे, नाहीं तर अटक आहे. "नुसता बसविला" असें तिसरें कलम नाहीं.

मर्जीला उजेडाचें भय असतें, आणि गरिबाच्या हातीं असलेला उजेड म्हणजे कागद. नोटीस मागा. अटक असेल तर कारण विचारा. फिर्याद नोंदविली तर तिची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्यावांचून उठूं नका. नोंदविली नाहीं तर तीच हकीकत लिहून टपालानें पोलीस अधीक्षकाकडे पाठवा. हें सर्व नम्रपणें करावें. खाकी घालणारे पुष्कळ शिपाई आपल्याच शेतकऱ्या-कामकऱ्यांचीं लेंकरें आहेत. त्यांच्याशीं वैर नको, पण जाब नको असेंही नाहीं.

आणि एक दोष आपला आहे. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण ऐकून आपण गप्प बसतों, आणि ठाण्यांतून आलेल्या माणसाकडे पाहून "कांहीं तरी असेलच" म्हणतों. त्या सुताराचा एक दिवस ठाण्यानें घेतला. तीन महिने आपण घेतले. पुढच्या वेळीं कोणास बोलावणें आलें तर त्याला एकटा पाठवूं नका. वाचतां येणारा एक जण बरोबर जाऊं द्या. आम्ही जाऊं, आणि या खेपेस विचारूं.