शिवेच्या आत, कुसाच्या बाहेर

आपल्यातल्याच एकाच्या कवितेचं इंग्रजी भाषांतर परवा हाती पडलं. 'गावकूस' शब्दाला भाषांतरवाल्यानं ठोकून दिलंय 'व्हिलेज बाउंड्री'. म्हणजे आम्ही गावाच्या हद्दीबाहेरचे! वाचणाऱ्या साहेबाला वाटणार, ही माणसं दुसऱ्याच मुलखातली. एका शब्दात गाव निर्दोष सुटलं.

दोस्तहो, इंग्रजीत बाउंड्री म्हणजे हद्द. हिकडं एक, तिकडं दुसरा, मधी रेघ. १९४७ साली पंजाब-बंगाल तोडायला रॅडक्लिफचं बाउंड्री कमिशन बसलं, त्यात दोन्ही बाजूंचे जज्ज होते. मराठीत ह्याला शब्द आहे शीव. आणि शीव ठाऊक कुणाला? महाराला! दोन गावांत शिवेचा तंटा उठला की साक्षीला महार. महारवाडा त्या शिवेच्या आतच होता. सांगावा घेऊन पळायला, मेलेलं ढोर ओढायला आम्ही गावाचेच. वतनाच्या नावाखाली ही वेठ, कायद्यानं वतन मोडलं ते १९५८ साली. राहायला मात्र कुसाबाहेर. कूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. ती घालताना आम्हांला कोणी विचारलं होतं? पुढं भिंती पडल्या, वस्त्या तिथंच राहिल्या.

पोरांना बाउंड्री माहीत ती क्रिकेटची. तर तिथलंच ऐका. पालवणकर बाळू, चांभाराचा पोर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतलेला. पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळायचा तेव्हा बाउंड्रीच्या आत त्याचा चेंडू चाले. चहाला मात्र तो पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९३७ ला हाच बाळू बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला, हे मी विसरलो नाही. ते भांडंही विसरणार नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये सवाल टाकला, तो अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा. म्हणजे कुणीतरी ठेवलं म्हणून राहतात, त्याचा जाब द्या.

हल्ली शिकलेल्यांत 'माझी बाउंड्री पाळा' म्हणायची तऱ्हा आलीय. पाळावीच. माणसानं स्वतःभोवती आखलेली रेघ आहे ती. पण दुसऱ्यानं घातलेल्या कुसाला तोच शब्द चिकटवू नका.

उद्या तुम्ही भाषांतराला बसाल. 'गावकूस' तसाच ठेवा. खाली अर्थ लिहा : जिच्या आत आमचं काम चालत होतं, आम्ही चालत नव्हतो, ती भिंत. साहेब अडला तर अडू द्या. आमचं काय कमी अडलं?

जयभीम.