पोत्यातला गोखरू कुठला?

बारामतीच्या जिरायत पट्ट्यात अनवाणी चालणाऱ्याला गोखरू ओळखायला शिकवावे लागत नाही. तो स्वतःच ओळख करून देतो. तुकोबांची पालखी उंडवडीहून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरेकाठी पोचते, तेव्हा वाट सोडून शेतात उतरलेल्या वारकऱ्याच्या तळव्यात हाच सराटा रुततो. जमिनीसरपट पसरलेले तण, हरभऱ्याची आठवण देणारी बारीक पाने, पाच पाकळ्यांचे पिवळे फूल आणि सायकलची ट्यूब सहज पंक्चर करणारे फळ. आयुर्वेदातला गोक्षुर तो हाच. दशमुळातल्या लघुपंचमुळात त्याची गणना होते. बांधावर काटेरी पाने पसरून बसलेली भुईरिंगणीही त्याच पाचांतली. उसासाठी नावाजलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दशमुळातली दोन औषधे कुणी न पेरता उगवतात.

एवढी धडधडीत ओळख असलेली वनस्पती बाजारात जाऊन कशी हरवते, हे पाहण्यासारखे आहे.

काष्ठौषधींच्या दुकानात गोखरू मागितला तर छोटा की मोठा, असा प्रश्न येऊ शकतो. मोठा गोखरू हा छोट्याचा थोरला भाऊ नव्हे. तो तिळाच्या कुळातला, उभा वाढणारा, मांसल देठांचा आणि कर्ण्यासारख्या पिवळ्या फुलांचा. दोन्ही फळे तळहातावर घ्यावीत. सराट्याचे फळ पाच फाकांचे. सुकले की फाका सुट्या होतात आणि प्रत्येक फाकेला काट्यांच्या दोन जोड्या असतात, एक लांब, एक आखूड. मोठ्या गोखरूचे फळ चौधारी, बुडाशी चार काटे. त्याची ओली फांदी पाण्यात ढवळली की पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखे बुळबुळीत होते. सराट्याचे तसे काही होत नाही. फळ अख्खे असेल तर शाळकरी पोरही दोन्ही वेगळी करील. पण त्याची भरड झाली की दोघांचाही काटा मोडतो. पुढे सूक्ष्मदर्शक आणि रसायनाची परीक्षा लागते.

त्यात आणखी एक मेख आहे. दशमूळ म्हणजे दहा मुळे. आयुर्वेदिक फार्माकोपियात गोक्षुराचे मूळ आणि गोक्षुराचे फळ यांची मानके म्हणूनच वेगवेगळी दिली आहेत. पण मूळ खणायला कष्ट फार आणि वजन थोडे. फळ झाडून गोळा करता येते. काढ्याच्या पुडीत मुळाऐवजी फळ गेले तर वनस्पती बरोबर आणि औषध चुकीचे, असा मामला होतो. ओळख म्हणजे झाडाचे नाव एवढेच नव्हे. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कोणत्या जमिनीतून काढला, तेही त्यातच आले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, रानातल्या औषधी नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे लोक. बारामतीकरांना हे पटवून द्यायला नको. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरणारे धनगर आणि सुप्याच्या माळांवर कळप घेऊन फिरणारे मेंढपाळ यांना कोणता पाला मेंढीला चालतो आणि कोणत्याने पोट फुगते हे ठाऊक असते. ते चुकले तर त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. पण चरक तिथेच थांबत नाही. नुसते नाव-रूप कळले म्हणून औषध कळले असे नाही, योजना जाणणारा वेगळा, असेही तो लगेच बजावतो. आजच्या जडीबुटीप्रेमींनी पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे सोयीने विसरले.

छापील ज्ञानातही महाराष्ट्र कधी मागे नव्हता. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ मराठीतच आहेत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कूक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुरा केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची आघारकर संशोधन संस्था तिथेच आहे. दोन्हीकडे वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत आणि आणून दिलेली वनस्पती ओळखून मिळते. बारामतीपासून शंभरेक किलोमीटरवर सारी व्यवस्था उभी आहे. प्रश्न इतकाच की, पोते तिथे जात नाही. जातो तो प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, त्याच्या पिशवीत एक फांदी घेऊन.

ओळख राहून गेली की काय होते, याचा धडा करोनाच्या काळात मिळाला. काढ्याचा हंगाम होता आणि गुळवेल घराघरांत गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की, रुग्णांनी नेमके काय घेतले त्याची तपासणीच झालेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. पुढे दोघींतला फरकही मंत्रालयाने जाहीर केला. अस्सल गुळवेलीची कांडी हिरवट, बिनगाठीची, तोडली तर दुधासारखा चीक नाही. फळे गोल आणि लाल. दुसरीची कांडी करडी, अंगभर फोडांसारख्या गाठी, चीक दुधाळ. फळे लांबट, नारिंगी. फरक इतका उघड की, बांधावर उभे राहून नुसत्या नजरेने कळावा. २०२२ मध्ये देशभरातल्या निरनिराळ्या रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. वाद मिटला नाही.

इथे दोन्ही बाजूंना एकेक टोला द्यायला हवा. वनस्पती दुसरीच असेल, हा बचाव आयुर्वेदाच्या कैवाऱ्यांना वाटतो तितका सोयीचा नाही. तो खरा मानला तर देशात कोट्यवधी लोकांना सुचवलेले औषध बाजारात ओळखून विकले जात नव्हते, हे कबूल करावे लागते. आणि वेल अस्सल निघाली म्हणून ती प्रत्येक यकृताला मानवेलच, असेही नाही. उलट ‘काढा घेतला’ एवढीच नोंद करून सारे खापर एका वनस्पतीवर फोडणे ही शास्त्राची रीत नव्हे. काढ्यातली कांडी राखून ठेवली असती तर निम्मा वाद वाचला असता. ही गोष्ट केवळ आपली नाही. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या चिनी औषधात एका मुळीच्या जागी नावाने जवळची दुसरी मुळी गेली आणि शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे निकामी झाली.

आता पुन्हा बारामतीकडे, कालव्याकाठी. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे, आणि पाण्यासोबत तणही आले. उसाच्या सरीत आणि पाटाच्या कडेला पुनर्नवा भरपूर. तिच्या शेजारीच तिची तोतयी. खऱ्या पुनर्नवेचे मूळ जाड, बहुवर्षायू. फुले बारीक, गुलाबी-तांबडी. फळे चिकट, लुगड्याला आणि मेंढीच्या लोकरीला लागून गावभर फिरणारी. दुसरी पांढरी म्हणून विकली जाते ती मांसल पानांची, एका पावसाळ्याची सोबतीण. तिचे फूल पानाच्या बगलेत लपलेले. ग्रंथांनी दोघींनाही जागा दिली आहे, पण एकीच्या जागी दुसरी चालेल असे नव्हे. भरीला एक तिसरी परदेशी पाहुणी ताठ उभी वाढते, तिची फळे चिकटत नाहीत. घाईने उपटणाऱ्याला तिघी सारख्याच.

आणि समजा, हात चुकला नाही. नेमकी पुनर्नवाच उपटली. ती कुठून उपटली? उसात तणनाशक फवारले जाते, आणि पुनर्नवा हे शेतकऱ्याच्या लेखी तणच. औषध म्हणून जी हवी तीच मारायला ते विष आणलेले असते. फार्माकोपियात कीडनाशकांच्या अंशाला मर्यादा आहे. शिशाला दहा लाखांत दहा भाग, पाऱ्याला एक, आर्सेनिकला तीन, कॅडमियमला ०.३. राखेची परीक्षाही आहे: आम्लात न विरघळणारी राख जास्त निघाली तर मालात माती-वाळू घातली आहे हे कळते. पण या कसोट्या लागतात त्या परवानाधारक कारखान्याच्या दारात. सुटी भरड विकणाऱ्या फळीपर्यंत हा पहारा क्वचितच पोचतो.

प्रमाणीकरण म्हटले की महागडी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. यंत्रे हवीतच. पण गाळून आटवलेल्या अर्कात डीएनए शोधायला गेले तर बहुधा हाती काही लागत नाही, आणि मेथीसारख्या स्वस्त वस्तूतले सॅपोनिन मिसळून गोखरूच्या अर्काचा आकडा फुगवता येतो. उशिरा केलेली तपासणी नेहमी महाग पडते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या अभ्यासानुसार देशात ११७८ वनस्पतींचा व्यापार चालतो आणि त्यांतल्या २४२ वर्षाला शंभर टनांहून जास्त खपतात. एवढ्या मालाची ओळख कारखान्याच्या फाटकावर पटवायची, हा हट्ट पुरा होणार नाही.

म्हणून काम तालुक्यातच सुरू व्हावे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, इंदापुरातही महाविद्यालय आहे. वनस्पतिशास्त्राची पोरे दर वर्षी सहलीला जाऊन नमुने दाबतात आणि परीक्षा झाली की ते नमुने कपाटात पडतात. त्याच मेहनतीत खरेदीदाराला लागणारा पुरावा तयार होऊ शकतो. गोळा करणाऱ्याने पोत्याबरोबर मुळासकट एक रोप द्यावे, महाविद्यालयाने ते ओळखून, क्रमांक घालून ठेवावे आणि तोच क्रमांक पोत्यावर लिहावा. खरेदीदाराने त्यासाठी किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त मोजावेत, आणि ते गोळा करणाऱ्या बाईच्या हातात पडावेत. नाहीतर ती कशाला मूळ खणत बसेल? कागदावर मात्र वनस्पतीचे नाव सर्वांत शेवटी लिहिले तरी चालेल. आधी गाव, गट नंबर, तारीख, काढलेला भाग आणि शेजारी कोणते पीक उभे होते ते.