खाऱ्या वाऱ्याचा हिशेब निविदेतच हवा

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्याचे अनावरण झाले होते 4 डिसेंबर 2023 ला; पुरते नऊ महिनेही उलटले नव्हते. सोसाट्याच्या वाऱ्याकडे बोट दाखवले गेले. पण पुतळा पडण्याच्या काही दिवस आधीच सार्वजनिक बांधकाम खात्याने पुतळा उभारणाऱ्या नौदलाला लेखी कळवले होते, की पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने नट-बोल्ट गंजले आहेत. एकटा गंज दोषी नव्हता, जोडकाम आणि सांगाड्यातही खोट होती. तरी किनाऱ्यावर उघड्या लोखंडाचे काय होते, हे कोकणातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लोखंड कायम पाण्याखाली असेल तर प्राणवायू कमी मिळतो आणि गंज हळू चढतो. खरा घात होतो तो भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे लाटांचे तुषार उडतात आणि खांब भिजतो, सुकतो, पुन्हा भिजतो. काँक्रीटमधल्या सळईवर सिमेंटमुळे एक अतिशय पातळ संरक्षक थर धरलेला असतो. क्लोराइड झिरपत तिथवर पोहोचले की तो थर फुटतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतूनच फाटते. आधी छज्ज्याखाली तपकिरी ओघळ दिसतो, मग सळईच्या रेषेत सरळ भेग पडते आणि एका पावसाळ्यात पोपडा खाली येतो.

काँक्रीटमध्ये ताणलेल्या केबलींच्या पुलात एवढी सूचनाही मिळेलच असे नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. आतल्या केबली गंजल्या होत्या. पणजीकरांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. ठाणे खाडीच्या 1973 च्या पुलालाही हाच रोग जडला. इतके पाहूनही किनाऱ्यावरची कामे सर्वांत कमी दराच्या निविदेला जात राहावीत, हे संतापजनक आहे.

यावरचा उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या सळया. त्या साध्या सळयांपेक्षा कित्येक पट महाग पडतात, हे खरे. पण त्या पूर्ण पुलात घालायची गरज नसते. तुषारांच्या पट्ट्यातले खांब आणि सांधे एवढ्यापुरत्या वापरल्या तर एकूण खर्च फारसा फुगत नाही. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराचा धक्का 1941 मध्ये अशाच सळया घालून पुरा झाला आणि तो आजही उभा आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळयांनी बांधलेल्या धक्क्याचे अवशेषच उरले. आपल्याकडेही या सळयांसाठी भारतीय मानक आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी मालवणच्या दुर्घटनेनंतर किनाऱ्यालगत स्टेनलेस स्टीलचाच आग्रह धरला होता.

लोखंडी बोटीचा मालक पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतो. जस्त आधी झिजते, बोट वाचते, आणि ठोकळे झिजले की तो ते बदलतो. हा खर्च त्याने आधीच धरलेला असतो. सरकारी अंदाजपत्रकात बांधणीचा आकडा असतो, पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीचा नसतो. किनारी जिल्ह्यांतल्या प्रत्येक पुलाच्या, जेट्टीच्या आणि पुतळ्याच्या कामात तो वेगळा मांडला पाहिजे. शिवाय दर पावसाळ्यानंतरच्या तपासणीचा अहवाल गावाला वाचता येईल असा ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या फलकावर लागला पाहिजे.