मिलिटरी शिस्त हवी, पण सुरुवात कोणापासून?



यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तोडणीच्या क्रमावरून बराच आवाज झाला. मागून दोघे-तिघे ओरडले, "एखादा रिटायर कर्नल आणून बसवा, त्याबिगर हे सुधारायचं न्हाई!" टाळ्याही पडल्या. सूचना वाईट नाही. मात्र फौजेतून नेमके काय आणायचे, याबद्दल आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे.

पौषी पुनवेला आपल्यातले काहीजण बैल पाहायला मुरबाड तालुक्यात म्हशाच्या यात्रेला जातात. त्याच तालुक्यात सिद्धगड आहे. तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीला बळी पडले. कोतवालांच्या आझाद दस्त्याने बेचाळीसच्या चळवळीत विजेचे मनोरे पाडले होते. कोतवाल काही फौजी नव्हते, माथेरानचे वकील. पण दस्त्याच्या आधी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालविली, शाळा काढल्या. दस्त्यात पगार नाही, पेन्शन नाही, पुढे तुरुंग नाहीतर गोळी. तरी माणसे त्यांच्यामागे रानात गेली. हा नुसत्या हुकमाचा परिणाम म्हणायचा का?

खरा फौजीच पाहायचा तर राळेगणसिद्धीचा पाहा. अण्णा हजारे सैन्यात गेले, ट्रक चालविला, १९७५ साली गावी परतले. आल्याआल्या त्यांनी कोणाला कवायत शिकविली नाही. स्वतःच्या पैशाने यादवबाबांचे पडके मंदिर दुरुस्त करायला घेतले, तेव्हा गाव श्रमदानाला आले. पुढे पाणी अडले, विहिरींना पाझर फुटले. पण त्याच गावात दारुड्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारले, हेही जगजाहीर आहे. ते मात्र आम्हांस पटत नाही. सहकारात सभासद हा मालक. मालकाला खांबाला बांधून कारखाना कसा चालवायचा? आणि तोडणी मजुरावर दरडावाल तर टोळी उचलीसकट रातोरात निघून जाईल, मुकादमाला विचारा.

आमचे माजी सैनिक सभासद सांगतात, लंगरात आधी जवान जेवतो, मग अधिकारी. आम्हांला फौजेतली एवढी एकच गोष्ट हवी आहे.

गेल्या हंगामात काय झाले? आधीच्या तारखेच्या लावणीचा ऊस फडात उभा राहिला, तुरे आले, आत दशी पडली, वजन गेले. आणि मागाहून लावलेला ऊस काट्यावर पोचला. कोणाचा, हे गटात पोराटोरांना ठाऊक आहे. दोष मात्र चिटबॉयच्या माथी! त्या बिचाऱ्याला रात्री निरोप येतो, सकाळी तो टोळी हलवितो. त्याच्या डोक्यावर कर्नल बसविला तर निरोप कर्नलला येईल, इतकेच.

म्हणून संचालकांचा आणि त्यांच्या भावकीचा ऊस नोंदीच्या तारखेनेच तुटावा, एकाच दिवशी दोन नंबर आले तर सभासदाचा आधी जावा, आणि ही यादी दर आठवड्याला गट ऑफिसच्या फळ्यावर लागावी. पुढल्या सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. सूचक मिळाला आहे, अनुमोदक पाहिजे.